आधी कोरकूत विचारा

मराठी माणसाला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक कुणी शिकवत नाही. ‘आम्ही उद्या निघणार’ असे यजमान म्हणाले, की पाहुणा समजून जातो की त्याला मागेच राहायचे आहे. ‘आपण उद्या निघू’ म्हटले, की तो पिशवी भरायला घेतो. ऐकणाऱ्याला बोलण्यात धरले आहे की वगळले आहे, हे एका सर्वनामावर ठरते आणि त्यावरून पुष्कळदा मानापमानही ठरतात. हिंदीत ही सोय नाही, तिथे दोन्हींसाठी एकच ‘हम’. मेळघाटातल्या कोरकू भाषेत मात्र हा भेद अगदी काटेकोर आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे असेल तर ‘आबुंग’, त्याला वगळून बोलायचे असेल तर ‘आले’. बोलणे दोघांपुरतेच असेल तर त्यासाठी आणखी निराळे शब्द आहेत, कारण मराठीने केव्हाच टाकून दिलेले द्विवचन कोरकूत रोजच्या वापरात आहे.

आता असे समजा, की डोंगरातल्या एखाद्या गावाच्या मधल्या रस्त्यावर सतरंजी अंथरून सभा भरली आहे, आणि बाहेरून आलेले साहेब मराठी मिसळलेल्या हिंदीत सांगत आहेत की ‘हमें जंगल बचाना है’. या ‘हम’मध्ये समोर बसलेली माणसे आहेत की नाहीत? मराठीत बोलले असते तर साहेबांना निवड करावी लागली असती. कोरकूत बोलले असते तर चुकवताच आली नसती. हिंदीत ती झाकून जाते. सभा संपते, नोंदवहीत अंगठे उमटतात, आणि काही महिन्यांनी कळते की त्या ‘हम’मध्ये गाव नव्हतेच.

हा सर्वनामांचा खेळ शब्दच्छल वाटेल, पण माझे म्हणणे याच जागेवर उभे आहे. आदिवासींच्या गरजा काय, यावर आपल्याकडे उदंड लिहिले गेले आहे. योजना, समित्या, दौरे, अहवाल यांची कमतरता नाही. मात्र कोरकूंच्या बाबतीत गरज विचारण्याचे कामच त्यांच्या भाषेत झालेले नाही, आणि म्हणून मिळालेली उत्तरे बहुतेक वेळा विचारणाऱ्याचीच असतात. रस्ता, वीज, पाणी, दवाखाना, शाळा ही यादी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहे, कारण तिच्यात ज्या गोष्टीवाचून बाकीच्या गोष्टी नीट पोचत नाहीत, ती भाषाच नाही.

मेळघाट म्हणजे सातपुड्याची गाविलगड रांग, अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या इथल्या दऱ्यांतून वाहत तापीला मिळतात. यातल्या सिपना नदीचे नाव कोरकू आहे. ‘सिपना’ म्हणजे साग. नदीला झाडाचे नाव देणारे हे लोक स्वतःला ‘कोरकू’ म्हणवतात, म्हणजे नुसते ‘माणसे’. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, शेजारच्या गोंडीच्याही नाही. तिचे सख्खे नातलग झारखंड-ओडिशात आहेत, संताळी, मुंडारी आणि ‘हो’ या भाषा. आणि दूरचे नातलग पार कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये. या सगळ्या कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा आपल्या महाराष्ट्रात बोलली जाते, याची खबर किती मराठी वाचकांना असेल? २००१ च्या जनगणनेत तिचे भाषक पावणेसहा लाखांच्या आसपास होते, २०११ मध्ये सव्वासात लाखांच्या वर गेले. म्हणजे ही काही संग्रहालयात ठेवायची, शेवटच्या आजीबरोबर मरणारी भाषा नव्हे. ती स्वयंपाकघरात, शेतात, भांडणात आणि अंगाईत रोज वापरली जाते. फक्त सरकारी टेबलासमोर आली, की ती गप्प होते.

हा समाज दोन राज्यांत विभागलेला आहे. बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, छिंदवाडा या पट्ट्यातले कोरकू मध्य प्रदेशात आहेत, मेळघाटातले आपल्याकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, आणि कोरकूंच्या मधून सीमा गेली. ज्या तत्त्वावर ती सीमा आखली गेली ते तत्त्व भाषेचे होते, ही यातली खरी गंमत. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घटनेत आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे त्यात लिहिले गेले. सीमा ताबडतोब अमलात आली. कलम अजून वाट पाहते आहे.

मी काही वर्षांपूर्वी धारणी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात तपासणीच्या खोलीबाहेर सकाळभर बसलो होतो. पावसाळा होता, बाकावर गर्दी होती. विशीतली एक बाई सहा-सात महिन्यांचे मूल घेऊन आत गेली. दार उघडेच होते. डॉक्टर तरुण होते, मराठवाड्यातले असावेत, वागायला चांगले होते. त्यांनी मराठीत विचारले, काय होतंय? बाईने कोरकूत सांगायला सुरुवात केली. ती बराच वेळ बोलली. मध्ये एकदा तिने हाताने दाराबाहेरच्या दिशेने काही दाखवले, एकदा बोटांवर काही मोजले, एकदा मुलाच्या टाळूवर हात ठेवला. सगळे ऐकून शेजारी उभ्या असलेल्या मदतनीस बाईंनी डॉक्टरांना सांगितले, ‘जुलाब आहेत.’ दोन शब्द. डॉक्टरांनी मुलाचे झबले वर केले, तशी आईने चटकन पदर पुढे ओढला. पण पोटावरचे डागांचे ठिपके दिसायचे ते दिसले. मग डॉक्टर चिडले. ते चिडणे खोटे नव्हते, त्यात त्या मुलाची काळजीच होती. पण त्यानंतर ती बाई एक शब्दही बोलली नाही. औषधाची पुडी घेऊन ती निघून गेली. तिने बोटांवर काय मोजले होते, हे त्या खोलीत कुणालाच कळले नाही: जुलाबाचे दिवस, की अशाच दुखण्याने आधी गेलेली मुले?

पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याला इकडे ‘डम्मा’ म्हणतात. पोट फुगले, मूल सारखे रडू लागले, की हा उपाय केला जातो. तो क्रूर आहे, धोक्याचा आहे, आणि तो थांबलाच पाहिजे. यात संस्कृतीच्या नावाखाली सवलत देण्यासारखे काहीही नाही. श्रद्धांविषयी आदराने बोलणाऱ्यांनी हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे, नाहीतर तो आदर पाहुण्याचा ठरतो. पण डम्मा थांबवायचा असेल, तर आई आधी भुमकाकडे का जाते, हे समजून घ्यावे लागेल. ‘अंधश्रद्धा’ असा शिक्का मारला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, सुटत नाही. भुमका हा गावचा पुजारी. त्याच्याबरोबर पडियार असतो, जो अंगात येऊन दुखण्याचे कारण सांगतो. ही माणसे गावातच असतात, रात्री-अपरात्री सापडतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती बाईचे सगळे म्हणणे शेवटपर्यंत ऐकतात. कोण रुसले आहे, कोणत्या देवाचा नवस राहिला, घरात कुणाचे भांडण झाले, मूल कधीपासून दूध घेत नाही, हे सगळे तिच्या भाषेत विचारले जाते. निदान चुकते, उपाय घातक असतो; पण विचारपूस पूर्ण असते. आपल्या आरोग्य केंद्रात औषध बरोबर असते आणि विचारपूस दोन शब्दांची. या दोहोंत घाबरलेली आई कुठे जाईल, हे कळायला मानववंशशास्त्राची गरज नाही.

मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी १९९३ साली राज्यभर गाजली. त्यानंतर उच्च न्यायालयात याचिका झाल्या, न्यायालयाने वेळोवेळी सरकारला फटकारले, नवसंजीवन योजना आली, भरारी पथके आली, अमृत आहार आला. यातून काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रस्ते झाले, रुग्णवाहिका आल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. तरी पावसाळा आला, की पुन्हा त्याच बातम्या त्याच पानावर येतात. कारणे अनेक आहेत आणि भाषा हे त्यांतले एकच आहे, हे मला मान्य आहे. दिवाळीनंतर हाताला काम नसते म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे परतवाडा, अमरावती, अकोल्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि होळीला परततात. त्या काळात गरोदर बाईची नोंद एका गावात आणि बाई दुसऱ्या जिल्ह्यात असते. कोदो, कुटकी, सावा ही डोंगरउतारावरची धान्ये मागे पडून सोयाबीन आले. ते बाजारात जाते, ताटात येत नाही. मुलींची लग्ने लवकर होतात, अंगात रक्त कमी असते. हे सगळे खरे. पण या प्रत्येक गोष्टीवरचा उपाय शेवटी कुणीतरी कुणाला तरी समजावून सांगण्यावर येऊन थांबतो, आणि समजावून सांगणे ही गोष्ट दुभाष्याच्या दोन शब्दांत होत नाही.

मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य काढले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांच्या त्यागाचे आपण भरभरून कौतुक करतो, ते योग्यच आहे. माझ्या मते त्यांच्या यशात त्यागाइतकाच वाटा मुक्कामाचा आहे. ती दोघे तिथे इतकी वर्षे राहिली, की लोकांना त्यांच्यापुढे स्वतःचे म्हणणे भाषांतर न करता मांडता आले. तीन वर्षांच्या बदलीच्या नोकरीत हे व्हायचे कसे? मग व्यवस्थेने दुसरी सोय करायला हवी. प्रत्येक आरोग्य केंद्रात कोरकू बोलणारा दुभाषी हे वेगळे, पगारी पद असावे. हाताशी असलेल्या मदतनिसावर किंवा आशाताईंवर टाकलेले ते फुकटचे काम असू नये. नव्याने येणाऱ्या डॉक्टरला रुजू होताना महिनाभर कोरकू शिकवावी. आजाराविषयी विचारण्यापुरते दोनशे-तीनशे शब्द एवढ्या वेळात कुणालाही येतात. आरोग्य यंत्रणेने भुमकांनाच सोबत घेण्याचे, रुग्ण दवाखान्यात पाठवल्यास त्यांना मोबदला देण्याचे प्रयत्न केले आहेत, ते मला शहाणपणाचे वाटतात. काही विवेकवादी मित्रांना त्यात तडजोड दिसते. मला त्यात ऐकणाऱ्या माणसाशी केलेली हातमिळवणी दिसते, आणि चटके देणारा हातच दवाखान्याची वाट दाखवू लागला तर त्याहून मोठे प्रबोधन कोणते?

श्रद्धेचा विषय निघाला आहे तर थोडे तिथेच थांबतो, कारण कोरकूंच्या श्रद्धा म्हणजे केवळ भुमका आणि डम्मा अशी समजूत बातम्यांमुळे झाली आहे. त्यांची उत्पत्तिकथा मोठी विलक्षण आहे. सातपुडा ओसाड आहे, हे लंकेच्या रावणाने पाहिले आणि तिथे माणसे वसवावीत अशी महादेवाला विनंती केली. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधायला धाडले, त्या मातीच्या स्त्री-पुरुषाच्या मूर्ती केल्या. पण इंद्राने पाठवलेले अग्नीसारखे घोडे येऊन त्या तुडवून जात. शेवटी महादेवाने आधी मातीचा कुत्रा केला, त्यात प्राण फुंकले, कुत्र्याने घोड्यांना अडवले, आणि मग मुला आणि मुलई ही पहिली जोडी जगली. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींत ही कथा आहे. तिच्यात रावण हा डोंगराची काळजी करणारा आहे, आणि माणसाच्या आधी त्याची राखण करणारे जनावर जन्माला आले आहे. होळीनंतर मेघनाथाचा खांब उभारून जत्रा भरते, ती याच मेघनाथाची, रावणाच्या मुलाची. या गोष्टीला सुधारायला निघालेल्या मंडळींनी दोन्ही बाजूंनी जोर लावला आहे: कुणाला हे लोक पुरेसे धार्मिक वाटत नाहीत, कुणाला पुरेसे बंडखोर. त्यांना त्यांची होळी पाच दिवस सुखाने करू द्यावी, रस्त्यावर दोरी आडवी धरून फगवा मागू द्यावा, एवढी साधी मागणी कुठल्याच गटाच्या जाहीरनाम्यात नसते.

गावाचा मुठवादेव म्हणजे दगडांची रास. डोंगरदेव जवळच्या सर्वांत उंच टेकडीवर राहतो. वाघाला ते ‘कुला’ म्हणतात आणि नात्याने मामा मानतात. माणूस वारला, की सवडीने पुढे सिडोलीचा विधी होतो. त्यात सागाच्या लाकडाचा कोरीव फळा करतात, त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात. त्याला ‘मुंडा’ म्हणतात. घराण्याचे मुंडे ठरलेल्या झाडाखाली रांगेने उभे असतात, जुने पावसाने काळे पडलेले, नवे अजून लाकडाच्या रंगाचे. एका झाडाखाली असे मुंडे पाहताना माझ्या लक्षात आले, की या समाजात कागदपत्राची जागा लाकडाने घेतली आहे. या जमिनीवर किती पिढ्या राहिलात, असा पुरावा वनहक्काच्या दाव्यात मागतात, तेव्हा उत्तर त्या झाडाखाली उभे असते.

आणि इथे श्रद्धा व गरज या दोन खात्यांची आपण केलेली फोड कोसळते. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. वाघ वाचला पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाघासाठी गाभ्याच्या क्षेत्रातली गावे हलवायला २००१ च्या सुमारास बोरी, कोहा, कुंड या गावांपासून सुरुवात झाली. पुढे २००८ च्या धोरणानुसार कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. रकमेची बाजू मांडणारे म्हणतात, की लोक स्वतः अर्ज करतात, स्वखुशीने जातात. काही जातातही, डोंगरातल्या एकाकीपणाला, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटेला, शाळेच्या अंतराला कंटाळलेले तरुण जाऊ इच्छितात, आणि त्यांना जंगलातच राहा असे सांगण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्या मला नाही. पण गुल्लरघाट, केलपाणी, धारगड या भागातली पुनर्वसित माणसे अकोला जिल्ह्यातल्या सपाटीवरून पुन्हा जंगलात परतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात आणि वनकर्मचारी-पोलिसांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली, हेही घडले आहे. स्वखुशीने गेलेला माणूस काठी घेऊन परत का येतो? आश्वासने पाळली गेली नाहीत, जमीन आणि काम मिळाले नाही, तिथे माणसे दगावली, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो: जाताना त्यांनी ज्याला होकार दिला ते आणि कागदावर होते ते, एकच होते का?

कायदा या बाबतीत बराच पुढे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पुनर्वसनासाठी ग्रामसभेची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लेखी घ्यावी असे म्हटले. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यातही ग्रामसभेच्या संमतीची अट आली. धारणी आणि चिखलदरा हे घटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेले तालुके असल्याने अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही लागू आहे. पण माहिती कोणत्या भाषेत द्यायची, हे त्या कलमात लिहिलेले नाही. जिला लेखनाची परंपराच फारशी नाही अशा भाषेत जगणाऱ्यांकडून लेखी संमती घ्यायची, तीही त्यांच्या नसलेल्या भाषेत लिहिलेल्या कागदावर, आणि तिला माहितीपूर्ण म्हणायचे. कोरकू गावाची रचना पाहिली आहे का? मधोमध रुंद, सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी, जेणेकरून प्रत्येक ओसरीवरून प्रत्येक ओसरी दिसावी. ‘घर मिळेल’ या वाक्यात ही समोरची ओसरी येते का? ‘जमीन मिळेल’ यात मुंडे उभे असलेले झाड येते का? विचारणाऱ्याच्या शब्दात ते नव्हते. उत्तर देणाऱ्याच्या शब्दात होते, पण त्याला कुणी त्याच्या भाषेत विचारलेच नाही.

हे करता येत नाही, असे कुणी म्हणेल तर ओडिशाकडे पाहावे. नियमगिरीच्या डोंगरावरील बॉक्साइटच्या खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या ग्रामसभांनी धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांसह निर्णय घ्यावा, असे ठरले. जिल्हा न्यायाधीशाच्या उपस्थितीत १२ ग्रामसभा झाल्या, लोक आपापल्या भाषेत बोलले, आणि बाराही सभांनी नकार दिला. नियमराजा हा आमचा देव, हा डोंगर त्याचा, हे म्हणणे न्यायाधीशासमोर नोंदले गेले. त्या नकाराशी कुणी असहमत असू शकतो; पण तो कुणाचा होता याबद्दल शंका उरली नाही. मेळघाटात एखाद्या गावाने होकार दिला, तर तोही असाच निःशंक असायला हवा. वनखात्याच्याही ते सोयीचेच आहे.

शाळेची गोष्ट याहून सरळ आहे, म्हणून थोडक्यात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा शासननिर्णय निघाला, तेव्हा महाराष्ट्रात केवढे रान उठले हे आपण पाहिले. सहा वर्षांच्या मुलावर परक्या भाषेचे ओझे नको, असे शिक्षणतज्ज्ञ म्हणाले, साहित्यिक म्हणाले, पक्ष म्हणाले; मीही म्हणालो. जूनअखेर सरकारने माघार घेतली. त्या सगळ्या गदारोळात कोरकू मुलाची आठवण कुणाला झाली नाही, ज्याच्यासाठी पहिलीच्या वर्गातली मराठीच परकी आहे. आपण तिसरी भाषा नको म्हणून भांडलो. त्याच्या वाट्याला पहिलीच येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद मलाही झाला, पण स्वतःच्या भाषेसाठी लढून राज्य मिळवलेल्या समाजाने दुसऱ्याच्या भाषेची भूक ओळखू नये, हे मला चमत्कारिक वाटते. शिक्षणहक्क कायद्यात मातृभाषेतल्या माध्यमापुढे ‘शक्य तेथवर’ असे शब्द आहेत. ओडिशाने २००७ साली दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले. त्यांत कोरकूची बहीण संताळी आहे, सौरा आहे, जुआंग आहे. म्हणजे ते शक्य आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पालकांनाच मराठी-इंग्रजी हवी आहे, कोरकूने पोट भरत नाही, हा पहिला. तो खरा आहे आणि म्हणूनच कुणी कोरकूत पदवीपर्यंत शिकवा असे म्हणत नाही. पहिली दोन-तीन वर्षे कोरकूचा हात धरून मराठीकडे न्यावे, म्हणजे मराठीच पक्की होईल. वर्गात काय चालले आहे हे न कळता वर्षे काढलेली मुले आश्रमशाळेतून पळून येतात आणि वीटभट्टीवर जातात. त्यांना ना मराठी येते ना इंग्रजी. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: भाषा-श्रद्धा यांचे स्तोम माजवून तुम्ही आदिवासींना मागे ठेवता. याचे उत्तर मेळघाटाच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावात आहे. कोरकूबहुल गाव. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर लोकांनी उघडी पडलेली टेकडी पुन्हा झाडांनी झाकली, सीताफळे मुंबईपर्यंत विकली, आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्यांनी बाजार टाळला नाही, हिशेब टाळला नाही, बँक टाळली नाही. निर्णय मात्र गावाच्या सभेत झाले, आणि त्या सभेतले ‘आपण’ कोण, हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होते.

म्हणून मागणी फार मोठी नाही. गाभ्याच्या क्षेत्रातल्या कोणत्याही गावात पुनर्वसनाची सभा घेताना संपूर्ण प्रस्ताव आधी कोरकूत सांगावा. जमीन किती, कुठली, पाणी कुठून, घरांची मांडणी कशी, मुंड्यांच्या झाडाशी वर्षातून एकदा जाता येईल की नाही, हे सगळे. सभेतले बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ठराव मराठीबरोबर कोरकूत लिहावा. देवनागरी त्यासाठी पुरते. अंगठे घेण्याआधी तो मोठ्याने वाचावा, वाचणारा खात्याचा माणूस नसावा, गावातलाच असावा. आणि वाचताना ‘आपण’ कुठे आले आणि ‘आम्ही’ कुठे, हे त्याने सभेला दोनदा वाचून दाखवावे.